गोदाबाईची पाटी

दसरा होऊन आठवडा उलटला होता. प्रमोदिनीबाई वरूडला धाकट्या बहिणीकडं चार दिवस राहून अकोल्याला घरी आल्या. संत्री टोपलीत काढली, पाय धुतले, आणि बहिणीनं दिलेला खण ठेवायला देवघराखालचं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात पोथ्या होत्या, मधल्यात समया. खालचा कप्पा रिकामा होता.

"इथलं गाठोडं कुठंय?"

रविकांत वकील खिडकीपाशी फाईल नाकाला लावून बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं, तोवर जग त्यांना दुधाच्या सायीतून दिसायचं.

"पाट्यांचं ना? सौमित्र घेऊन गेला परवा. हॉटेलात जुन्या पाट्या हव्या होत्या त्याला. तूच म्हणत होतीस, दिवाळीच्या आत पसारा काढा." मग जरा अभिमानानं म्हणाले, "आणि उगाच उचलून नाही दिल्या. रीतीनं दिल्या."

शेवटचं वाक्य प्रमोदिनीबाईंच्या कानावरून गेलं. त्या रिकाम्या फळीवर तळहात ठेवून उभ्या होत्या, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"त्यात आईची पाटी होती," त्या म्हणाल्या.

"ती तर ट्रंकेत आहे. तिच्या लुगड्यांत."

"नव्हती. मीच काढून इथं ठेवली होती. सरस्वतीपाशी."

हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटलंच नव्हतं.

बार्शीटाकळीजवळच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं पोरांचे हात धरून अक्षरं गिरवली. पोरं मोठी झाली, शाळेत कागद-वह्या आल्या, पण टाकून दिलेल्या पाट्या बाई घरी आणत राहिल्या. दर दसऱ्याला त्यांच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. दुसऱ्या दिवशी सगळ्या पाट्या एकावर एक रचून फडक्यात बांधायच्या. त्या चवडीच्या पोटात, लेकाच्या, सौमित्रच्या, लहानपणीच्या पाटीशी तोंडाला तोंड लावून, मध्ये पतंगाचा कागद घालून, एक पाटी अकरा वर्षं निजली होती. तिच्यावर सरस्वती नव्हती. तिच्यावर गोदाबाई होती.

गोदाबाई म्हणजे प्रमोदिनीबाईंची आई. अकोटकडची, काळ्या मातीत जन्म काढलेली. तिच्या तोंडात ओव्या अशा, की वावरात निंदायला बसली तर पिकाचा तास संपायचा पण ओवी सरायची नाही. अक्षर मात्र एक येत नव्हतं. बासष्टाव्या वर्षी लेकीनं तिच्या हातात पेन्सिल दिली, तेव्हा ती म्हणाली होती, "आता काहून वो बाई? मले काय मामलेदार व्हाचं हाय?" पण शिकली. हसत, लाजत, चोरून गिरवत शिकली. आणि शिकून तीन वर्षं झाली नाहीत तोच लकव्यानं तिची उजवी बाजू नेली, आणि तिच्याबरोबर वाचाही.

मग ती डाव्या हातानं लिहायला लागली. पाटी हेच तिचं तोंड झालं. पानी. पंखा कमी कर. जवाई जेवले का. लेकीनं वाचायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, पाटी पुन्हा मांडीवर ठेवायची. दिवसातून वीसदा आईचं बोलणं लेकीच्या हातानं पुसलं जायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण पुढचं बोलणं येणारच होतं.

एका सकाळी तिनं ओवी लिहिली.

लेकीनं देल्लं मले पाटीवर काळं रान
एक एक पेरते मी अक्षराचं बियान
उगवलं तं पाह्याले

इथं पेन्सिल घसरली. शेवटच्या मात्रेपासून एक रेघ खाली गेली होती, पार लाकडी चौकटीपर्यंत, विहिरीत सुटलेल्या दोरासारखी.

ती पाटी प्रमोदिनीबाईंनी पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अमरावतीची एसटी धरली. सौमित्र फोन उचलत नव्हता. 'पुण्याहून साहेब आलेत, दुपारी बोलतो' एवढा मेसेज होता. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि सबंध वाटभर त्या मनाशी एकच घोकत होत्या. पाट्या जाऊन तीनच दिवस झालेत. नव्या आणलेल्या वस्तू कुणी लगेच वापरायला काढत नाही. असेल अजून गाठोडं बांधलेलं. कागद असेल मध्ये.

'उखळ-मुसळ' हे पुण्यात निघालेलं हॉटेल. अमरावतीची त्याची सतरावी शाखा, आणि सौमित्र तिचा मॅनेजर. इतक्या वर्षांनी लेक जवळ आला म्हणून बाईंनी तेव्हा सबंध आळीत पेढे वाटले होते. आत पाऊल टाकलं आणि त्यांना वाटलं, आपण कुणाच्या तरी मोडलेल्या संसारात शिरलो. भाकरी सुपात. पिठलं घमेल्यात. ठेचा रॉकेलच्या मापात. भरली वांगी विटेवर, मिसळ छपराच्या कवेलूवर, भजी लाकडी एसटीच्या टपावर. घरात असेल नसेल ते जेवायला मांडलेलं, फक्त ताट तेवढं कुठं नव्हतं.

नऊवारीसारखा शिवलेला झगा घातलेली पोरगी पुढं आली. छातीवर 'आरती' अशी पट्टी होती.

"या जी, बसा जी, काय जेवता जी?" तिनं पाठ केल्यासारखं म्हटलं.

"सौमित्र कुठंय? मी त्याची आई."

पोरीचा आवाज एकदम घरचा झाला. "अगंबाई. सर वर मीटिंगमंदी हायेत, काकू. तीन वाजतीन. तुमी बसा, मी पानी आनतो."

"तीन दिवसांपूर्वी अकोल्याहून पाट्या आल्या होत्या. गाठोड्यात. कुठं ठेवल्यात?"

"ठेवल्या नाई, काकू. चालू हायेत."

"म्हणजे?"

आरतीनं हनुवटीनं दाखवलं. पलीकडच्या टेबलावर कॉलेजच्या तीन मुली पाटीवरच्या थालीपिठाचा फोटो काढत होत्या. लोण्याचा गोळा पाटीवर वितळत होता. चौकटीवर कुणा पोरानं खिळ्यानं कोरलेलं नाव बाईंना इथूनही वाचता आलं. जानराव, इयत्ता दुसरी. त्याला त्यांनी 'क' शिकवला होता.

"थालीपीठ पाटीवर, धिरडं पाटीवर, अंबाडीची भाजी-भाकर पाटीवर," आरती सांगत होती. "संगं पेन्सिल देतो. जेवण कसं वाटलं ते गिऱ्हाईकानं पाटीवरच लिहाचं. मग आमी धुतो."

"साबणानं?"

"त्याबिगर तेलकट जात नाई नं, काकू."

प्रमोदिनीबाई उठल्या. आईच्या पाटीची खूण त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. चौकटीचा एक कोपरा निखळला होता, तो गोदाबाईनं धडधाकट असताना स्वतः तांब्याच्या तारेनं आवळला होता, बैलगाडीच्या जुवाची शिवळ आवळावी तसा. बाई टेबलामागून टेबल फिरल्या. लोकांच्या ताटात, म्हणजे पाटीत, डोकावत. कुणी पाटी जवळ ओढली, कुणी हसलं. एक म्हातारी भुकेली फिरते आहे असंच कुणालाही वाटलं असतं.

खिडकीजवळ एक घर जेवत होतं. नवरा, बायको, आजोबा. त्यांच्यामध्ये ती पाटी होती. कोपऱ्यावर तांब्याची तार, आणि तारेत अडकलेला अंबाडीचा एक देठ. पाटीवर भाजीचा हिरवा चिखल, कण्यांचा ढीग, तेलाचं तळं.

बाई तिथंच थांबल्या. मनात एक वेडी आशा अजून तग धरून होती. पाटी उलटी असेल. अक्षरं मागच्या बाजूला असतील.

आजोबांनी मान वर केली. "जागा पायजे का बाई? बसा न. आमचं होऊनच राहिलं."

"होऊ द्या. सावकाश," त्या म्हणाल्या.

आणि त्या उभ्या राहिल्या. आजोबांनी भाकरीचा तुकडा पाटीवर घासून शेवटची भाजी टिपली. घास तोंडात घालताना म्हणाले, "पोट भरलं, पन जेवल्यासारखं नाई वाटलं. पंगतीत पळसाचं पान तरी रायते." सून म्हणाली, "बाबा, तुमचं काहीतरीच." आरती पाटी उचलायला आली, तेव्हा बाईंनी तिच्या आधी ती उचलली, खरकट्यासकट, दोन्ही हातांत.

बेसिनपाशी त्यांनी ती नुसत्या पाण्याखाली धरली. बोटं लावली नाहीत. भाजी गेली, कण्या गेल्या, तेलाचे डोळे तरंगत राहिले. एक बाजू काळी. त्यांनी पाटी उलटली. दुसरी बाजू काळी. नांगरून, वखरून, पेरायचं राहून गेलेल्या वावरासारखी.

"पहिल्यांदा कुणी धुतली ही?" त्यांनी विचारलं. आवाज वर्गात विचारावा तसा शांत होता.

आरती घाबरली. "मीच, काकू. पन आईची आन, हिच्यावर काई नोतं. गाठोडं मीच सोडलं. साऱ्याच कोऱ्या होत्या. मी सरले म्हनलंबी, घरून पुसून आल्या वाट्टे."

"खरं सांगतेय ती." सौमित्र मागं येऊन उभा होता. जिन्यावरून आईला पाहून मीटिंग सोडून आला होता. "बाबांनीच पुसल्या, आई. मी समोर होतो. म्हणाले, सरस्वती काढलेली पाटी जेवायला कशी द्यायची, पाप लागेल. प्रत्येक पाटीवर अक्षता टाकल्या, विसर्जनाचं म्हटलं, आणि ओल्या पंच्यानं पुसून एक एक माझ्या हातात दिली. तास लागला. काय झालं? त्यात काही होतं का?"

बाईंनी लेकाकडं पाहिलं. आजी गेली तेव्हा तो पुण्यात वसतिगृहात होता. आजीनं लिहिलेली ओवी त्यानं कधी पाहिली नव्हती, आणि आता दाखवायला काही नव्हतं.

रागाला जागा हवी असते. त्यांनी ती शोधून पाहिली. पोरीनं नेमून दिलेलं काम केलं होतं. लेकानं विचारून नेलं होतं. आणि नवऱ्यानं, भिक्षुकांच्या घरातल्या त्या सरळ माणसानं, धूसर डोळ्यांना दिसलेली पांढरी अक्षरं देवी समजून हात जोडून पुसली होती. चवडीत देवीपाशी ती ठेवली होती कुणी? त्यांनी स्वतःच.

"आजीची पाटी आहे ही," त्या एवढंच म्हणाल्या. "पेन्सिल दे बघू."

कोपऱ्यातल्या टेबलाशी त्या बसल्या. ओवी तोंडपाठ होती, तिची काळजी नव्हती. त्यांनी लिहायला घेतलं. लेकीनं देल्लं मले. अक्षरं उतरली ती फळ्यावरची. एकतीस वर्षांची, टपोरी, रेघेला टांगल्यासारखी, कुणाही पोरानं गिरवावी अशी. आईचा 'ल' बसकण मारलेल्या बैलासारखा एका अंगाला कलायचा. आईचा 'म' पुढच्या अक्षराच्या खांद्यावर डोकं टेकायचा. बाईंनी पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. मग पेन्सिल डाव्या हातात घेतली.

आता अक्षरं वाकडी आली. पण ती वेगळी वाकडी होती. कुणाही शिकलेल्या बाईच्या डाव्या हाताची. त्यांत लकवा नव्हता, लाज नव्हती, बासष्टाव्या वर्षीची हौस नव्हती. तिसऱ्या ओळीपाशी, उगवलं तं पाह्याले, त्या थांबल्या. पुढं ती रेघ ओढायची होती. पेन्सिल हातातून आपोआप घसरायला हवी होती. ती घसरेना. ओढावी लागली असती, आणि ओढायचा धीर होईना.

"अरे वा, ओवी का?" पुण्याचे साहेब सौमित्रच्या मागोमाग खाली आले होते. तरुण होते, बोलायला गोड. "मॅडम, किती ऑथेंटिक आहे हे. सौमित्र, हे प्रत्येक पाटीच्या वरच्या कडेला छापून घेऊ. याच अक्षरात. कच्चंच ठेवायचं."

सौमित्र हळूच म्हणाला, "सर, आई आहे माझी."

"मग तर अजूनच छान. पण आई, ही शेवटची ओळ अर्धी दिसतेय. पुढचं काय आहे?"

"पुढचं नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी तळहातानं पाटी पुसली. पाटी टेबलावरच ठेवली, पदर सावरला, निघाल्या. सौमित्र रस्त्यापर्यंत मागं आला. "आई, ने ना ती. आजीची आहे म्हणालीस."

"काय नेऊ त्यात? राहू दे. तुझ्याकडं कमी पडतील."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, हे लागलं असेल त्याला. पण शब्द परत घ्यायचंही बळ नव्हतं. तो उन्हात उभा राहिला, आणि त्या रिक्षात बसल्या.

बडनेरा सुटलं तेव्हा ऊन कललं होतं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. वेचणाऱ्या बायांच्या पाठी वाकलेल्या होत्या. त्यांतली एखादी गातही असेल, एसटीच्या खडखडाटात ऐकू येत नव्हतं. फोन वाजला.

"प्रमोदिनी, अगं सबंध दिवस मला चैन नाही," रविकांत म्हणाले. "सापडली का आईंची पाटी?"

त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना पेन्सिलीचा पांढरा भुगा लागला होता. खिडकीच्या काळ्या गजावर त्याचे ठसे उमटले होते.

"सापडली," त्या म्हणाल्या.

"सुटलो बाई. मला धास्ती होती, चुकून मीच पुसली की काय. पण अगं, मी सगळ्यांना नीट म्हणत होतो. पुनरागमनाय च. एकेका पाटीला म्हटलं, पुन्हा ये म्हणून." ते थोडं हसले. "हॅलो? आहेस ना?"

"आहे," त्या म्हणाल्या. "दिवा लावून घ्या. मला यायला उशीर होईल."