कानपिळीचं घड्याळ

लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. तो कान पिळतो आणि नवऱ्याकडून काहीतरी उकळतो. पूर्वी हे पोशाखावर भागायचं. आता कोणी मोबाइल मागतं, कोणी मोटारसायकल मागून मांडवात तमाशा करतं. मी माझ्या बहिणीच्या लग्नात दाजींच्या मनगटावरचं घड्याळ मागितलं. आयुष्यात इतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटली नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

डोळा माझा आधीपासूनच होता. शिवांजलीला बघायला भूमहून पाहुणे आले, तेव्हा सगळं घर नवरा मुलगा बघत होतं आणि मी त्याचं घड्याळ. कृष्णराज दाजी शाळामास्तर. साधा पांढरा शर्ट, बोलणं हळू. चहाचा कप उचलला की बाही मागं सरायची आणि ते दिसायचं. इतकं पातळ, की बाहीखाली परत जाताना कुठं अडायचं नाही. पांढरी तबकडी, तिच्यावर आकडे नाहीत, नुसत्या बारा चंदेरी कांड्या आणि वर बारीक अक्षरांत सिको. तारीख नाही, वार नाही. माझ्या हातात तेव्हा पावलं मोजणारं, नाडी बघणारं, फोन आला की मनगटावर थरथरणारं घड्याळ होतं. त्या जपान्यापुढं ते मला एकदम जत्रेतलं वाटायला लागलं. मी हात पाठीमागं घेऊन बसलो.

लग्न आमच्या माकणीलाच झालं, गुढीपाडव्यानंतर दहा दिवसांनी. कानपिळीला मला बोलावलं. मी दाजींचा कान धरला आणि जरा जास्तच पिळला.

"बोला मेव्हणे, काय पायजे?" दाजी हसत म्हणाले.

"हातातलं घड्याळ."

दाजींचं हसू होतं तिथंच थांबलं. त्यांच्या आई, तुळजाबाई, पुढं झाल्या. "आरं बाबा, ते जुनं हाय. तुला नवं घिऊन देतो की. ते ह्यांच्या..."

"आई, राहू द्या," दाजी म्हणाले.

माझ्या दोस्तांनी शिट्ट्या मारल्या. दाजींनी पट्टा सोडला, घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि वाकून म्हणाले, "योगीराज, एक ऐका. रोज सकाळी सहाला..."

"दाजी, दिलं ते दिलं. आता त्यात तुमचं काय न्हाय!"

मांडव हसला. बँडवाल्यानं त्यावर ठेका धरला. मी फार मोठा तीर मारला असं मला वाटलं.

दुसरा दिवस मी गावभर मिरवलो. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काटे दहावर थांबलेले. म्हटलं, सेल संपला. मास्तरानं मेलेला सेल माझ्या गळ्यात घातला! तरी ते हातातून काढलं नाही. कोणी वेळ विचारली की आधी रुबाबात मनगट वर करायचो आणि मग चोरून मोबाइल बघायचो.

पाचव्या दिवशी बहिणीला माहेरी आणायला मुराळी म्हणून मी भूमला गेलो. बंद घड्याळ हातात घालून दाजींसमोर बसायचं कसं? चहा झाल्यावर पान खाऊन येतो म्हणून उठलो आणि एसटी स्टँडजवळ घड्याळाचं एक दुकान दिसलं त्यात घुसलो. एवढीशी टपरीच ती. आत माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस डोळ्याला भिंग लावून बसला होता. दुकानावर नाव कलीमचं होतं.

"सेल टाकायचाय," मी म्हणालो.

त्यानं घड्याळ हातात घेतलं, भिंग काढलं आणि माझ्याकडं बघितलं. "तुमी माकणीचे व्हय? शिवांजली वहिनींचे भाऊ?"

"कसं वळखलं?"

"तुमाला न्हाय वळखलं. ह्याला वळखलं." मग जरा थांबून म्हणाला, "भाई, ह्यात सेल नसतो. ह्याला चावी द्यावी लागते. रोज."

बाजूची ती बारीक घुंडी त्यानं दोन बोटांत धरून दहा-पंधरा वेळा फिरवली. काटा चालायला लागला. सेलच्या घड्याळात सेकंदकाटा टक्कन उडी मारतो आणि थांबतो. हा सरकत होता, तेलावरून सरकल्यासारखा. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"धंदा काय करता?"

"ट्रॅक्टर मेकॅनिक," मी म्हणालो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कलीमनं हसू दाबलं, पातळ पात्यानं मागचं झाकण उघडलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "मग बघा इंजिन."

पंधरा वर्षं मी इंजिनं उघडतोय. असं इंजिन बघितलं नव्हतं. बोटाच्या पेरात मावतील इतकी चाकं, एकात एक दात अडकवून बसलेली. लाल खड्यांमध्ये टेकवलेले त्यांचे आस. मधे एक चक्र उलटसुलट झुलत होतं आणि त्याच्याखाली केसाहून बारीक स्प्रिंग फुलत होती, मिटत होती. कलीम म्हणाला, दिवसाला पाच लाखांच्या वर ठोके पडतात. ना डिझेल, ना वायर, ना चार्जर. माणसाच्या दोन बोटांची ताकद आत साठवायची आणि ती थेंबाथेंबानं दिवसभर खर्चायची! जपानात कुठल्या तरी टेबलावर कोणी तरी हे जुळवलं असेल, आणि आतली बाजू घालणाऱ्याला कधी दिसणारसुद्धा नाही हे माहीत असून प्रत्येक पट्टीवर एकसारखी चमक काढली असेल. मला त्या न पाहिलेल्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

"आता हे बघा," म्हणून कलीमनं झाकणाची आतली बाजू भिंगाखाली धरली. सुईनं कोरलेल्या बारीक बारीक ओळी होत्या, नुसता महिना आणि साल. पहिली ओळ ब्याऐंशीची.

"उघडून साफ केलं की आमी आत खूण करतो. ह्या वरच्या सगळ्या माझ्या अब्बांच्या, आयुबमियांच्या. अब्बा हजला गेल्ते तवा जिद्दाहून हे आणलं, महारुद्र अण्णांसाठी. लई दोस्ती. अण्णा म्हंजे तुमच्या दाजींचे वडील, हितं स्टँडवर कंट्रोलर होते. अण्णांनी ह्या घड्याळात बघून मान हलवली की डायवर गाडी काढायचा."

शेवटची ओळ ताजी होती. याच वर्षाची.

"ही माझी. लग्नाआधी पंधरा दिवस कृष्णराजभाई आले. म्हणले, कलीम, चांगलं साफ करून दे. अण्णा गेले, पण मांडवात त्यांचं घड्याळ तरी माझ्या हातावर पायजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानपिळीत माणसं वस्तू मागतात. मी भर मांडवात एका माणसाच्या हातावरून त्याचा बाप उतरवून घेतला होता, वर शिट्ट्या मारून घेतल्या होत्या.

परत आलो तेव्हा शिवांजली चुलीपाशी एकटीच होती. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "दादा, हे रोज सहाला उठून बसतात. अंगठा अन् बोट असं नुसतं फिरवत राहतात. विचारलं तर म्हणतात, सवय हाय."

मी सरळ बाहेरच्या खोलीत गेलो आणि घड्याळ दाजींपुढं धरलं. "दाजी, माझी चूक झाली. हे घ्या."

दाजींचा हात पुढं आला, पण तुळजाबाई मधे बोलल्या. "न्हाय बाबा. कानपिळीचं परत घेत न्हाईत. लेकीच्या संसाराला बरं न्हाय ते." त्यांचेही डोळे घड्याळावरच होते, तरी बोलल्या.

दाजींनी हात मागं घेतला. "दिलं ते दिलं, योगीराज." माझेच शब्द, पण त्यात कुठं काटा नव्हता. "आता सांगू का मांडवात ऱ्हायलेलं? सकाळी सहा, एकच वेळ पाळायची. घट्ट लागलं की थांबायचं. जोर करायचा न्हाय. हात धुऊन."

त्यांनी एकदा करून दाखवलं. घुंडी घट्ट लागली तरी बोटं तिथंच होती. मग त्यांनी घड्याळ स्वतःच माझ्या हातावर बांधलं.

त्या दिवसापासून मी सहाला उठायला लागलो. मी! ज्याला आई नऊला लाथ घालून उठवायची! हात साबणानं धुवायचे, पुसायचे, खिडकीपाशी बसायचं आणि हळूहळू चावी द्यायची. आधी बोटाला काही लागायचं नाही, मग स्प्रिंग भरत आल्याचं कळायचं, मग ते नाजूक घट्टपण. गॅरेजात काम करताना काढून ठेवायचो, दुपारी परत घालायचो. दिवसाला जेमतेम अर्धा मिनिट इकडंतिकडं व्हायचं. चव्वेचाळीस वर्षांचं यंत्र! माझ्याकडं येणारे चार वर्षांचे ट्रॅक्टर धापा टाकत यायचे. पावलं मोजणारं ते दुसरं घड्याळ कपाटात कधी बंद पडलं तेही मला कळलं नाही. आमच्या शेजारचे धोंडप्पा काका म्हणाले, "पाव्हण्याच्या घड्याळानं तुला माणसात आणलं बघ." काका चेष्टा करत होते, पण खरंच होतं ते.

मला ते घड्याळ मनापासून आवडलं होतं आणि तेच अवघड होऊन बसलं. रोज सहाला चावी देताना मला भूममधली ती रिकामी फिरणारी बोटं दिसायची.

ज्येष्ठात अधिक महिना आला. जावयाला धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं. आईनं चांदीची वाटी आणून ठेवली होती. मी म्हणालो, "वाटी राहू दे. वाण मी देतो."

"काय देतोस?"

मी मनगट पुढं केलं.

"कानपिळीचं परत देतात व्हय रे?"

"परत कुठं? जावयाला धोंड्याचं वाण आहे. रीतीनं घेतलंय, रीतीनंच जाईल."

आईनं मिनिटभर माझ्याकडं बघितलं आणि तबक घासायला घेतलं.

दाजी, शिवांजली, तुळजाबाई, सगळे आले. पुरणाच्या धोंड्यांचं जेवण झालं. मी तबक दाजींच्या हातात दिलं, तेहतीस अनारसे आणि मधे रुमालात बांधलेलं ते. दाजींनी रुमाल सोडला. त्यांनी आपल्या आईकडं बघितलं.

"घ्या की," तुळजाबाई म्हणाल्या. पदर तोंडाला लावला होता त्यांनी. "धोंड्याच्या वाणाला जावयानं नको म्हणू नये."

दाजींनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"चालू हाय," ते म्हणाले.

"सकाळी सहाला चावी दिलीया. हात धुऊन."

त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते. "म्हंजे दोन म्हैने अण्णा तुमच्याकडं पावणे होते म्हणायचं."

मी पट्टा धरला आणि माझ्या हातांनी त्यांच्या मनगटावर बांधला. संध्याकाळी ते भूमला गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला मला जाग आली. हात धुतले, खिडकीपाशी येऊन बसलो आणि मग आठवलं. अंगठा आणि बोट आपोआप फिरत होते. मनगटावर पट्ट्याची पांढरी रेघ होती. तिच्याकडं बघत बसलो असताना फोन वाजला. दाजी होते.

"दिली," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.