खांबावरची पाटी आणि भिंतीवरचा पत्रा

रोज सकाळी आमच्या जैन बस्तीतून, म्हणजे देवळातून, दर्शन घेऊन आले, की मी एक नियम घेते. त्या दिवसापुरता एक पदार्थ सोडायचा. कधी गूळ, कधी तूप, कधी मीठ. आमच्या गल्लीला वाटून खायची फार सवय. ताटलीवर फडकं टाकून कुणी ना कुणी येतंच, आणि दारात आलेल्याला नको म्हणताना माझा जीव कानकोंडा होतो. घर बोळात आत, म्हणून तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबाला मी पाटी टांगली होती. ‘आज गूळ वर्ज्य.’ बायका येताजाता वाचायच्या, आणि पोळीची ताटली दुसऱ्या घरी वळायची.

खांबासमोरच साळूबाईंचं घर. मालक फौजेत होते, ते गेल्यापासून त्या एकट्या. यंदा उघड्या गटाराचं पाणी त्यांच्या चुलीपर्यंत शिरलं, तेव्हा त्यांनी एका पत्र्यावर चुन्यानं लिहून तो भिंतीला ठोकला : ‘गटार उघडं हाय. आक्काताई नगरसेविका, डोळे मिटून देवदेव पुरे, खाली बघा.’

आक्काताई म्हणजे मी.

आमच्या नगरपंचायतीचा नियम असा, की शुभेच्छांचे, श्रद्धांजलीचे आणि देवाधर्माचे फलक खुशाल लावा. बाकी काही लिहायचं तर आधी मजकूर दाखवून परवानगी घ्या. साळूबाईंना नोटीस गेली. सोमवारपर्यंत पत्रा उतरवा, नाहीतर आमची माणसं उतरवतील.

मी त्यांच्याकडे गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

“उतरवा की,” त्या म्हणाल्या. “पर आक्काताई, हापिसात मी लय येळा गेले. कुणी मान वर केली न्हाई. ह्यो पत्रा लावला तवापास्नं माणूस थांबून वाचतंय. ह्यो गेला की मी मुकी झाले बघा.”



शनिवारी सभा लागली. नगरपंचायतीच्या वकील क्रांतीताई सांगलीहून आल्या होत्या. हा नियम कोर्टात टिकणार नाही, बदला, असं त्यांनी कळवलं होतं.

“बदलू की,” नगराध्यक्ष धैर्यशीलदादा म्हणाले. “फक्त देवाधर्माची सूट राहू द्या. आक्कांच्या पाटीला हात लावला तर गल्लीतल्या बाया आम्हाला कच्चं खातील.”

सगळे हसले. मीही.

“दादा, सूट ठेवली की फलकावर काय लिहिलंय ते वाचणं आलं,” क्रांतीताई म्हणाल्या. “वाचलं की आवडलं, नावडलं आलं. बोलायची मुभा संविधानानं सगळ्यांना दिलीय. कुणी दंगल पेटवायला लिहिलं तर त्याला वेगळा कायदा आहे. आपण बघायचं ते एवढंच, फलक केवढा आहे, कुठं आहे, वाट अडते का, कुणाच्या डोक्यात पडेल का.”

“म्हणजे आम्ही वाचायचंच नाही?”

“मापायचं. वाचतील लोक.”

माझ्या अंगावर काटा आला. तीर्थंकरांच्या सभेत वाघाला आणि गाईला शेजारी जागा असते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. तिथं तू कोण, असं कुणी विचारत नाही. ते सगळं वर, स्वर्गाच्या अंगाला कुठंतरी, असंच मी धरून चालले होते. आमच्या सभागृहात, फरसाणाच्या ताटल्यांपुढं, ही वकील मुलगी तेच कायद्याच्या भाषेत सांगत होती. मला पदर सावरून बसावंसं वाटलं.

मसुदा ठरला. स्वतःच्या भिंतीवर, दारापेक्षा रुंद नाही, खांबावर आणि झाडावर अजिबात नाही.

“आक्का, नीट बघा,” दादा हळूच म्हणाले. “हात वर केलात तर तुमची पाटी उतरते आणि तुम्हाला बोलणारा पत्रा राहतो.”

मी हात वर केला.

“बरं,” दादा म्हणाले. “आज पाटी वर्ज्य म्हणा.” आणि हसत हसत त्यांनीही हात वर केला. मग बाकीचेही हात वर झाले.

घरी जाता जाता मी खांबावरची दोरी सोडली. साळूबाई दारात होत्या.

“पाटी कुठं निघाली?”

“खांबावर चालत नाही आता. बोळात लावीन. तुमचा पत्रा राहिला. भिंतीवर दाराएवढं रुंद चालतं.”

“बोळात कोण वाचणार? आन मी लाडू घिऊन येनार, तुमी परत धाडनार. आमच्या भिंतीला हाय की जागा.”

“पत्र्याशेजारी?”

“गटार झाकल्याबिगर पत्रा काढनार न्हाई. आदीच सांगते.”

“काढू नका,” मी म्हणाले.

पदराच्या काठानं त्यांनी आधी दार मापलं, मग पत्रा आणि पाटी मिळून. मापात बसलं. वरवंट्यानं खिळा ठोकला.

सोमवारी बस्तीतून आले, तर कोवळं ऊन नेमकं त्या भिंतीवर होतं. चुन्याची अक्षरं आणि खडूची पाटी सारखीच उजळली होती. मी लिहिलं, ‘आज मीठ वर्ज्य.’ खडूचा तुकडा हातातून सुटला, तो शोधायला मान खाली गेली. पायाशी गटार होतं, आणि त्या काळ्या पाण्यात अख्खं आभाळ उतरलं होतं. हात जोडावेत की नाकाला पदर लावावा, मला कळेना. मग तशीच, घरी न जाता, नगरपंचायतीकडे वळले.