जंगल कुठून सुरू होतं

साप ही जात या जगात असावी, हेच नॅडीनला मान्य नव्हतं. तिचा धाकटा भाऊ लायल अस्वलाचं नुसतं चित्र दिसलं तरी खुर्ची फिरवून बसायचा. तरीही साठी ओलांडल्यावर ही दोघं मेक्सिकोच्या सीमेवरच्या कुंपणापासून ॲरिझोना राज्य उभं पायी चालायला निघाली. म्हणजे, ठरवलं नॅडीनने. नवरा गेला, टपाल खात्यातून ती निवृत्त झाली आणि एक दिवस मुलांना म्हणाली, "मी चालले." मुलांनी अट घातली की एकटीने जायचं नाही. घरात रिकामा माणूस एकच होता, लायल. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, बायको केव्हाच सोडून गेली होती, आणि आता तो दिवसभर टीव्हीतल्या माणसांना सल्ले देत बसायचा.

निघण्याआधी दोघांचा करार झाला. वाळवंटात साप, म्हणून तिथे लायल पुढे. जंगलात अस्वलं, म्हणून तिथे नॅडीन पुढे. दोघांनी त्यावर हात मिळवले. वाळवंट संपतं कुठे आणि जंगल सुरू होतं कुठे, हे मात्र दोघांपैकी एकालाही विचारायचं सुचलं नाही.

वाळवंटात लायलने आपला शब्द पाळला. दगडांवर काठी आपटत तो पुढे चालायचा आणि साप दिसला की मागे न बघता ओरडायचा, "आहे!" की नॅडीन पायवाट सोडून थेट निवडुंगात. संध्याकाळी मग लायल कंगव्याने तिच्या पोटऱ्यांतले काटे काढायचा.

"साप परवडला असता गं," तो म्हणायचा.

"तू गप काढ," ती म्हणायची.

मग चढण लागली. उंच सग्वारो निवडुंग विरळ झाले आणि एका सकाळी एका खडकाआडून जुनिपरचं एक खुरटं झाड पुढे आलं. लायलने सॅक खाली ठेवली.

"झाड आलं. हो पुढे."

"एका झाडाचं जंगल होतं का रे?"

"ते बघ, तिकडे दुसरं आहे."

"दोन झाडं म्हणजे आपलं परसदार. चल मुकाट्याने."

तिथून पुढे प्रत्येक झाडापाशी भांडण. लायलला झुडूपसुद्धा वृक्ष दिसायचा, आणि नॅडीनला ओक दाखवला तरी ती म्हणायची, "वाळलाय तो, धरायचा नाही." पहिला पाइन आला तेव्हा लायलने खोडाला मिठीच मारली. नॅडीनने खाली बोट दाखवलं. खोडाच्या पायथ्याशी फड्या निवडुंग होता. लायलने मिठी सोडली आणि निमूट काठी उचलली.

गुरांच्या पाण्याच्या टाकीवर त्यांना कोरिन भेटली. पोरींच्या बास्केटबॉल सामन्यांत ती वर्षानुवर्षं पंच होती, म्हणून वाटेवरचे सगळे तिला 'शिट्टी' म्हणत. टाकीतलं हिरवं पाणी गाळता गाळता तिने दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. मध्ये एकदा लायलला बजावलं, "तुझी पाळी नाही." शेवटी ती उठली, आजूबाजूच्या पाइनच्या सावलीत अंग पसरून आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "डोकं सावलीत, पाय सावलीत. जंगल. पंचाशी वाद नाही."

कोरिनला तिथेच घोरत ठेवून दोघं निघाली. नॅडीन पुढे. जंगलात पुढच्या माणसाला आणखी एक मान मिळतो, हे तिला तेव्हा कळलं. रात्रभर वाटेवर विणलेली कोळ्यांची जाळी पहिल्यांदा त्याच्याच तोंडावर बसतात. ती थुंकत, गाल पुसत चालली होती. मागे लायल शीळ घालत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्यापुढे कोणीतरी होतं.

एका वळणावर नॅडीन थबकली. वाटेवर मधोमध, पाइनच्या वाळक्या सुयांवर, कोळशासारखा काळा साप वेटोळं घालून बसला होता. शेपटी खुळखुळली.  नॅडीनने पाठीनेच लायलला मागे ढकलायला सुरुवात केली.

नेमक्या त्याच वेळी लायलने मागे वळून पाहिलं. वळणाच्या अलीकडे एक अस्वल उभं होतं. लायलच्या सॅकमधल्या पीनट बटरचा वास हुंगत, अगदी सावकाश. लायलने नॅडीनला पुढे ढकलायला सुरुवात केली.

इकडे आड, तिकडे विहीर. पण आडाला विहिरीची खबर नव्हती.

"मागे हो!" नॅडीन दातांतून म्हणाली.

"पुढे चल!"

"लायल, मी सांगते, मागे हो!"

"आयुष्यभर तुझंच ऐकलं! आता एकदा तरी पुढे हो!"

"माझं कधी ऐकलंस? मी सांगितलं होतं, त्या बाईशी लग्न करू नकोस!"

"तिला का मध्ये आणतेस?"

"मग माझ्या पाठीवरून हात काढ!"

सॅकसकट दोघं आदळली, उलट्या कासवांसारखी पाय झाडत, आणि पडल्या पडल्यासुद्धा भांडण चालूच होतं. लायलच्या लग्नावरून गाडी आईच्या चांदीच्या चमच्यांवर आली, चमच्यांवरून नाताळच्या जेवणावर. जेव्हा दोघांचाही दम संपला, तेव्हा पुढे वाट रिकामी होती. मागेही रिकामी.

"साप होता," नॅडीन म्हणाली.

"अस्वल होतं," लायल म्हणाला.

"खोटारड्या. पुढे जायचं नाही म्हणून अस्वल!"

"तूच खोटारडी. जाळी नकोत म्हणून साप!"

दोघं अजून सॅकच्या पट्ट्यांतून सुटत होती तोच कोरिन आली. तिची टोपी वाकडी झाली होती.

"अरे, आत्ता माझ्या अंगावरून एक अस्वल गेलं. पळत! एवढं घाबरलेलं अस्वल मी जन्मात पाहिलं नाही. इथे झालं तरी काय?"

लायलने बहिणीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचं समाधान झाडाला टांगून ठेवावं असं होतं.

"आणि साप?" नॅडीनने विचारलं. "साप कोणी पाहिला?"

कोरिनने मान हलवली. "न पाहिलेल्यावर मी निकाल देत नाही, बाई."

नॅडीनने सॅक चढवली आणि चालू लागली. मुक्कामाला पोचेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. जाळी तोंडावर बसली तरी थुंकलीसुद्धा नाही. लायलला हसू येत होतं. पण तासाभराने ते थांबलं. तिचे खांदे मागून त्याला दिसत होते. नवऱ्याला पुरून आली त्या दिवशीही ती अशीच, ताठ, कोणाशी न बोलता चालली होती.

मुक्कामावर स्टोव्ह पेटवून त्याने बटाट्याची भुकटी पाण्यात कालवली, तिची वाटी भरली आणि भांड्यातच नजर ठेवून म्हणाला, "मीही पाहिला गं तो. साप."

"पाहिलास?"

"हो ना. जाताना. मोठा होता."

"कोणत्या रंगाचा?"

लायलने भांड्यात चमचा फिरवला. वाळवंटात एवढे साप पाहिले होते, त्यांतला एक निवडला. "तपकिरी. ठिपकेवाला."

नॅडीनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून चीजचा तुकडा काढला, मोडला आणि मोठा भाग त्याच्या वाटीत टाकला.

"हो," ती म्हणाली. "तपकिरीच होता. खा आता, निवेल."