पावियाला उत्तर

"पोरा, हातमोजे कुठेत?"

दारातून आत येऊन अंगावरचा बर्फ झटकत पावियाने विचारलं, आणि झकारियासने मासा चिरायची सुरी खाली ठेवली. झकारियास साठीला आलेला माणूस. वस्तीच्या खारवणीघराचा मुकादम. मिठाने त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. विचारणारा पाविया चोविशीचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, डेन्मार्कला शिकून नुकताच परत आलेला.

"ओले झालेत, बाबा," झकारियास म्हणाला. "ओल्या हातमोज्यांनी सुरी निसटते."

"हात बघ तुझे. उकडलेल्या कोळंबीसारखे झालेत. घाल आधी."

झकारियासने घातले.

आमच्या वस्तीत याचं कुणाला नवल वाटत नाही. माणूस गेला की पुढे जन्मणाऱ्या बाळाला त्याचं नाव द्यायचं, आणि नाव दिलं की माणूस परत आला. मग ज्याचा बाप गेला तो त्या बाळाला बाबा म्हणतो, आणि बाळ मोठं झालं की त्याला पोरा म्हणतं. कुणी हसत नाही. हसलं तरी मजेने हसतं, खोटं ठरवायला नाही.

म्हातारा पाविया, झकारियासचा बाप, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, पलीकडच्या जुन्या वस्तीत राहायचा. इतक्या थोड्या घरांसाठी दुकान आणि शाळा चालवणं परवडत नाही, सगळ्यांनी अलीकडे राहायला यावं, असा वरून निरोप आला. सगळे तयार झाले. म्हातारा म्हणाला, मी येणार नाही. त्याच हिवाळ्यात तो वारला आणि तिथेच पुरला गेला. बर्फ फुटल्यावर बाकीचे अलीकडे आले, आणि इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात झकारियासच्या बहिणीला मुलगा झाला. सुईण बोलेत्तेने बाळाला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "येणार नाही म्हणत होता. आला की नाही?"

झकारियासने ते बाळ हातात घेतलं आणि त्याला बाबा म्हटलं. म्हातारा साखरेचा खडा दातांत धरून कॉफी प्यायचा. पोरगंही बोलायला लागायच्या आत साखरेच्या डब्याकडे बोट दाखवायला लागलं. झकारियासच्या घरी खिडकीजवळची जागा त्याची, निळा कप त्याचा, बशीत दोन खडे त्याचे. बायको सेवेरिने कधी म्हणायची, पोराचे दात किडतील. झकारियास म्हणायचा, बापाला नाही कसं म्हणायचं? फ्योर्डपलीकडच्या थडग्यावर तो कधी गेला नाही. ज्याच्यासाठी जायचं तो तर दारातून येऊन हातमोज्यांवरून बोलत होता.

त्या फेब्रुवारीत देशाला मत द्यायचं होतं, युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. दहा वर्षांपूर्वीही विचारलं होतं. तेव्हा आम्ही नको म्हटलं होतं, पण मतं डेन्मार्कच्या मतांत मिसळून मोजली गेली आणि आम्ही आत गेलो. आता घरचा कारभार आपला होता आणि विचारणारेही आपलेच होते. पाविया घरोघर जाऊन सांगत होता की बाहेर पडू. आपल्या समुद्रात कुणी किती मासे धरायचे हे ज्यांनी हा समुद्र पाहिला नाही ते ठरवतात, असं त्याचं म्हणणं. तो सावकाश बोलायचा, मध्ये थांबून खिडकीबाहेर पाहायचा. म्हातारी माणसं एकमेकांना कोपराने ढोसायची. पावियाचीच ढब, म्हणायची.

वस्ती मधोमध फाटली. दुकानदार गेर्टच्या नातवाचा वाढदिवस होता तेव्हा लोक कॉफीला दोन पाळ्यांत आले. आधी राहू म्हणणारे येऊन केक खाऊन गेले, मग बाहेर पडू म्हणणारे आले. गेर्टच्या बायकोला दोनदा टेबल मांडावं लागलं. एका घरातल्या दोन भावांनी कुत्री वेगळी बांधली.

झकारियास कुणाशीच काही बोलला नाही. त्याला राहायचं होतं. वस्तीत मासळी गोठवायचं शीतगृह बांधायचं ठरत होतं आणि त्याला संघाकडून मदत मिळणार होती. खारवलेल्या हॅलिबट माशाला गिऱ्हाईक उरलेलं नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शीतगृह आलं नाही तर खारवणीघर बंद होणार, ते बंद झालं तर तरुण पोरं मोठ्या गावी जाणार, आणि मग एक दिवस वरून निरोप येणार. हे त्याने फक्त सेवेरिनेला सांगितलं होतं, तेही पाठ करून झोपल्यावर.

सभेच्या आदल्या दिवशी गेर्ट खारवणीघरात आला. मिठाच्या पोत्यावर बसला.

"उद्या तू बोल."

"मला बोलता येत नाही."

"मी बोललो तर लोक म्हणतात दुकानदार बोलतोय. पाविया बोलला की लोकांना म्हातारा ऐकू येतो. त्याला उत्तर देणारं एकच माणूस आहे वस्तीत."

"तो माझा बाप आहे, गेर्ट."

"म्हणून तर आलोय," गेर्ट म्हणाला. "तू गप्प बसलास तर उद्या सगळे म्हणतील, मुलालासुद्धा पटलंय."

घरी सेवेरिनेने ऐकून घेतलं. कपाटात निळा कप पुसून ठेवत ती एवढंच म्हणाली, "साखरेला नाही म्हणता आलं नाही तुम्हाला. याला कसं म्हणाल?"

सभा रविवारी प्रार्थनेनंतर सभाघरात झाली. हिवाळाभर लपून डोंगराआडून परतलेला सूर्य काही आठवड्यांचाच होता, थोडा वेळ भिंतीवर टेकून निघून गेला. योएल मास्तर अध्यक्ष. ते आठवडाभर शाळा घेतात आणि रविवारी प्रार्थना. त्यांनी आधीच बजावलं होतं की एकाने बोलायचं, बाकीच्यांनी कॉफी प्यायची.

गेर्टने शाळा, रस्ते, विमानतळ आणि त्यासाठी कोण पैसे देतं ते सांगितलं. मग पाविया उठला. मासे पकडणाऱ्या परदेशी जहाजांबद्दल बोलला. दहा वर्षांपूर्वी न ऐकलेल्या मतांबद्दल बोलला. मग शीतगृहावर आला.

"आमच्यासाठी काय बांधणार आहेत म्हणे? मासळी गोठवायचं घर. इथे. बाहेर टाकलेला मासा घरात आणेपर्यंत दगड होतो, आणि युरोपचे साहेब आपल्याला थंडी देणार आहेत."

सभाघर हसलं. पोट धरून हसलं. राहू म्हणणारेही हसले. झकारियासने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. उन्हाळ्यात धक्क्यावर सडलेले, फावड्याने परत पाण्यात ढकललेले मासे कुणालाच आठवत नव्हते.

"कालचं पोरगं आपल्याला मासळी शिकवतंय," गेर्ट मागून म्हणाला.

बोलेत्ते म्हातारी वळली. "कालचं पोरगं कुणाला म्हणतोस रे? पावियाला? तुझ्या बापाला फुटलेल्या बर्फातून यानेच केसाला धरून ओढलं होतं. नसतं ओढलं तर तू कुठे असतास?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो लवकर विरला, कारण पाविया खालच्या आवाजात पुढे बोलत होता. जुन्या वस्तीबद्दल. दूरच्या टेबलावर कुणी कागदावर रेघ मारली आणि तिथली घरं बंद झाली. एक माणूस तेव्हा म्हणाला होता, मी येणार नाही. तो असं म्हणाला आणि थांबला. बायका डोळे पुसायला लागल्या. आता मत मोजायची गरजच नव्हती.

झकारियास उभा राहिला. त्याने हात वर केला नव्हता, मास्तरांनी नाव घेतलं नव्हतं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सगळे वळले.

"बाबा," तो म्हणाला.

कॉफी ओतणारी बाई किटली धरून उभी राहिली.

"बाबा, तुमचं चुकतंय."

पाविया त्याच्याकडे पाहत राहिला.

"जुन्या वस्तीवर निरोप आला, खरं आहे. पण निरोपाच्या आधीच आपण कमी झालो होतो. सील येईनात. मासा घ्यायला कुणी येईना. पोरं निघून गेली होती. तुम्ही ते बघत होता, पण बोलत नव्हता. नंतरचं तुम्ही बघितलं नाही. तुम्ही मातीत होता. खिडक्यांना फळ्या मी ठोकल्या. तुमच्या खिडकीलाही मीच ठोकली." त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "संघ चांगला का वाईट, मला कळत नाही. त्यांचे साहेब मी बघितलेले नाहीत. मला उन्हाळ्यातला मासा कळतो. तो सडतो, बाबा. यात हसण्यासारखं काही नाही. मला परत फळ्या ठोकायच्या नाहीत."

तो बसला नाही. बसायचं असतं हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पावियाने खिडकीबाहेर पाहिलं, म्हाताऱ्यासारखंच. मग तोंड फिरवून बोलायला लागला, आणि त्या आवाजातली ती सावकाश ढब गेलेली होती.

"झकारियासमामा," तो म्हणाला.

बोलेत्तेचा हात तोंडाशी गेला.

"मामा, मासळीवर हसलो ते चुकलं. ते परत घेतो. पण जुनी वस्ती बंद करणाऱ्यांनीही आपल्या भल्याचंच सांगितलं होतं. घरं देऊ म्हणाले, डॉक्टर देऊ म्हणाले. दिलेही. फक्त कुणी विचारलं नाही. जे देतात ते एक दिवस विचारायचं बंद करतात. मला शीतगृह हवंय, पण ते मागून मिळालेलं नको." त्याने घसा साफ केला. "आणि अजून एक. मघाशी मी मेलेल्या माणसाला मध्ये आणलं. तेही करायला नको होतं. म्हातारा काय म्हणाला असता हे मला माहीत नाही. मी चोवीस वर्षांचा आहे. मी माझं बोलतोय."

ते बोलणं सरळ होतं. त्यात राग नव्हता. गेर्टनेही खाली पाहिलं. मास्तर म्हणाले, सभा संपली, कॉफी आहे अजून. पण कुणी थांबलं नाही. लोक झकारियासच्या बाजूने जाताना त्याच्या खांद्याला हात लावून गेले, जसे मयताच्या घरून निघताना लावतात.

आपला बाप वारला हे झकारियासला त्या दिवशी कळलं.

मत शाळेत दिलं गेलं. पाविया दाराशी उभा राहून म्हाताऱ्यांसाठी दार धरत होता. झकारियास आला तेव्हाही त्याने धरलं. "पायरी घसरते, मामा, जपून," म्हणाला. झकारियास जपून चढला.

दुसऱ्या दिवशी राजधानी नूकच्या रेडिओने सांगितलं की देश बाहेर पडणार. फरक फार नव्हता. पोरांनी टेकडीवर जाऊन बंदुकीचे बार काढले आणि कुत्री बराच वेळ भुंकत राहिली. गेर्टने दुकान लवकर बंद केलं. शीतगृहाचे कागद आले नाहीत, नकारही आला नाही. हॅलिबट येत राहिला आणि झकारियास चिरत राहिला. खारवणीघरात आता त्याला हातमोज्यांवरून कुणी बोलत नव्हतं. पहिले काही दिवस सेवेरिने निळा कप खिडकीपाशी मांडत होती. मग एके सकाळी तिने तो धुतला आणि वरच्या फळीवर उपडा ठेवला.

पुढच्या रविवारी झकारियासने बर्फावरच्या घसरगाडीला कुत्री जुंपली. कुठे, असं सेवेरिनेने विचारलं. त्याने फ्योर्डकडे मान हलवली. तिने थर्मास भरून दिला.

पलीकडच्या वस्तीत घरं तशीच होती, थोडी वाकलेली. खिळ्यांचा गंज फळ्यांवर ओघळला होता. त्या घरांकडे न पाहता तो वर चढला. क्रूस बर्फात खांद्यापर्यंत बुडाला होता. त्याने फावडं आणलं नव्हतं. हातमोजे काढून तो हातांनीच उकरायला लागला. नाव दिसायला वेळ लागला. रंग उडाला होता, पण लाकडात कोरलेलं होतं, बोटाला लागत होतं.

तो शेजारी बसला. बाबा म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण त्या शब्दाला इथलं काही ओळखीचं सापडेना. त्याला आठवत होता तो भाच्याचा चोविशीचा चेहरा. त्याने कॉफी प्यायली, साखरेचे दोन खडे क्रूसाखाली ठेवले आणि निघाला.

अलीकडच्या काठाशी, भरती-ओहोटीने बर्फ फुटलेला असतो तिथे, पाविया आपल्या कुत्र्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसला होता. झकारियासची गाडी कुठून येतेय हे तिच्या मागच्या खुणांवरून त्याला दिसत होतं. झकारियासने कुत्री थांबवली. त्याचे हात उघडे होते, लाल, पेरांशी फुटलेले. हातमोजे थडग्यापाशी राहिले होते.

पाविया उठून जवळ आला. त्याने त्या हातांकडे पाहिलं. ओठ हलले. कुठला शब्द येतो याची झकारियास वाट पाहत राहिला.

कुठलाच आला नाही. पावियाने आपले हातमोजे काढले, एकात एक धरून त्याच्या मांडीवर ठेवले, आणि उघड्या हातांनी परत गुंता सोडवायला खाली बसला.

झकारियासने ते घातले. बोटांत जरा तोकडे होते. आतून अजून गरम होते.