कोंडीचं सातवं घर

सुखवंताचा संशय तिच्या चुलीसारखा होता. रात्री राखेनं झाकला तरी सकाळी एक फुंकर मारली की लाल.

आणि तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही. तिची राखुंडी नावाची करडी मांजर गेल्या पौषात नाहीशी झाली. मांजरं जातात, कुत्रं धरतं, बिबट उचलतो, रुळावर येतात. सालेकशाच्या रानाकडच्या गावांत त्याचं कोणाला नवल नव्हतं. पण कुत्र्यानं धरली तर केस सापडतात, रुळावर गेली तर रेल्वेचे गँगवाले सांगतात. राखुंडीचं काहीच सापडलं नाही. तिनं गल्ली पालथी घातली, तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग उपसला, विहिरीत गळ टाकून पाहिला. शेजारच्या दुलारीच्या घराला तेव्हा कुलूप होतं. दरवर्षी बिजाईची, म्हणजे बियाण्याच्या धानाची, ढोली लिंपून झाली की दुलारी माहेरी बालाघाटला जाऊन आठ-दहा दिवस राहून यायची. ती परत आली तेव्हा सुखवंतानं तिलाही विचारलं.

"नाही वो बाई," दुलारी म्हणाली, "मले कुठं दिसली?"

सरळ म्हणाली. पण दुलारीला मांजरांचा राग होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. राखुंडीनं तिच्या शिंक्यावरची साय खाल्ली तेव्हा तिनं फुंकणी फेकून मारली होती. म्हणून सुखवंता एका सकाळी विहिरीवर, बायांच्या गर्दीत, कोणाचंही नाव न घेता, पण दुलारीच्या कानात नीट जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली, "मांजर मारनाऱ्याले सोन्याची मांजर करून काशीले द्यावी लागते म्हनतात. नाही देल्ली तर सात पिढ्या पाप फिटत नाही."

बाया दोरी ओढायच्या थांबल्या. दुलारीनं घागर उचलली आणि ती गेली.

पण अक्ती झाली आणि दुलारीचं वागणंच पालटलं. अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी ढोलीचं लिंपण फोडून पेरणीचं बी काढायचं. दुलारीनं ढोली फोडली, पण पेरलं दुसऱ्याचंच बी. नवऱ्याला, छोटेलालला, दरेकशा गावी पाठवून आपलं खायचं धान देऊन तिनं बी बदलून आणलं. भरलेली ढोली घरात, आणि बी परगावचं! मग तिच्या घरात ऊद जळायला लागला, रोज. मग ती सुखवंताच्या नजरेला नजर देईनाशी झाली. आणि सगळ्यांत वर म्हणजे, मांजरांच्या नावानं फुंकणी फेकणारी ही बाई रोज संध्याकाळी मागल्या दाराशी दुधाची वाटी ठेवायला लागली.

"कोनासाठी ठेवून राहिली दूध?" सुखवंतानं कुडावरून विचारलं होतं.

"असंच वो. येईल कोनी, पिऊन जाईल."

दूध, असंच. सुखवंतानं ते वाक्य चार रात्री चघळलं. जिला मांजर नको ती मांजराला दूध कशाला ठेवते? एकच उत्तर होतं, आणि ते बाजारात उंदरांच्या औषधाच्या पुडीत मिळत होतं.

त्याच पावसाळ्यात कोंडी घरात आली. गल्लीच्या टोकाला रुख्मा म्हातारी राहत होती, तिच्या मांजरीला साप चावला आणि एकच पिलू मागं राहिलं. धानाच्या कोंड्याच्या रंगाचं, मूठभर. सुखवंतानं पदरात घालून आणलं ते घरातच कोंडलं. दारं लावली, खिडकीला गोणपाट ठोकलं. पावसाळ्याचे चार महिने कोंडीनं आभाळ पाहिलं ते कौलाच्या फटीतून.

"उंदरं तनसीत आन मांजर घरात," नत्थूलाल, म्हणजे सुखवंताचा नवरा, जेवताना म्हणाला. "मंग एक काम कर. उंदरायलेच घरात बोलाव."

"हसा. तुमाले काय, राखुंडी तुमच्या मांडीवर थोडीच झोपत होती."

"मी म्हनतो, तू राखून राहिली, का गाडून?"

तो हात धुवायला उठला म्हणून बरं, नाहीतर पळी त्याच्याकडे निघालीच होती. पण ते वाक्य तिला लागलं. कोंडी दिवसभर दाराच्या फटीला नाक लावून बसे. एकदा नत्थूलाल बैलांना पाणी घेऊन आत येत होता, तेव्हा ती त्याच्या पायांतून बाहेर सुटली. तेवढ्यात पलीकडून मालगाडीनं शिटी दिली आणि ती भेदरून जी पळाली ती अनोळखी कुडात जाऊन अडकली. हात ओरबाडून घेत सुखवंतानं तिला सोडवली.

त्या दिवशी रुख्मा म्हातारी ओसरीवर येऊन बसली. "अवं, माय असती तं तिनं पिलाले सात घरं दाखवली असती. सात घरं पायल्याबिगर मांजराले आपलं घर समजत नाही. आता तूच माय. तूच दाखव."

झालं. आपला मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, ते हेच वर्ष. पण त्या गल्लीत त्याहून मोठी चर्चा झाली ती सुखवंता मांजरीला दोरी बांधून फिरवते याची.

तिनं अंबाडीची मऊ सुतळी वळली. गळ्याला नाही बांधली; गळा आवळतो. दोन्ही पुढच्या पायांमागून, छातीभोवती. पहिले काही दिवस नुसतं उंबऱ्यावर बसायचं. कोंडी वास घ्यायची, सुखवंता गल्लीवर नजर ठेवायची. मग अंगण. मग तणशीचा ढीग. कुत्रं आलं तर चढायला निंबाचं झाड. तिथं तिला रोज स्वतःच्या हातानं फांदीवर ठेवायची, म्हणजे पायांना वाट कळावी. गाडीच्या वेळेला मुद्दाम अंगणात थांबायची. पहिल्या गाडीला कोंडी तिच्या डोक्यावर चढली, पदरासकट. पुढं पुढं नुसते कान वळायला लागले.

आणि हे सगळं उपाशीपोटी. पोट भरलेली मांजर कोणाची नसते, हे सुखवंता जाणून होती. फिरणं झालं की ती काशाची वाटी चमच्यानं वाजवायची, टण टण टण, आणि वाळल्या मासोळीचा तुकडा द्यायची. वाटी म्हणजे घर, घर म्हणजे मासोळी. दिवाळीपर्यंत कोंडी ढिगाच्या टोकावरून वाटीला उत्तर देऊ लागली. एकच बारीक "म्यँव", आणि मग उडी.

मग घरं. सुखवंता दोरी धरून पुढं, कोंडी शेपटी उभारून मागं, की कोंडी पुढं आणि सुखवंता मागं, हे सांगणं कठीण.

"मांजरीले फिरवून राहिली का मांजर तुले?" विहिरीवरच्या बाया विचारत.

"दोघी एकमेकीले," ती म्हणे.

रुख्माचं घर झालं, मंदाबाईचं झालं, आपलं धरून सहा घरं झाली. सातवं दुलारीचं. कोंडी त्या दाराशी आली की दोरी ताणायची, मिशा पुढं काढून आत ओढ घ्यायची. सुखवंता तिला उचलून काखेत मारायची आणि तरातरा घरी. पिलाला कोणी दाखवलं नाही, तरी त्या घराची ओढ कशी? म्हणजे त्या वाटीतल्या दुधाला वास असणार.

"सहा घरं पुरे," ती रुख्माला म्हणाली.

"सहा पाय असते तं सहा पुरे झाले असते," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्याला अर्थ असेच असं नाही, पण ते सुखवंताच्या मनात अडकून राहायचं.

मार्गशीर्ष सरता सरता तिनं दोरी सोडली. सकाळी कोंडी जायची, सूर्य डोक्यावर यायच्या आत वाटी वाजली की यायची. एकदा तर उंदीर घेऊन आली आणि नत्थूलालच्या पागोट्यात ठेवला. त्यानंतर त्याची थट्टा बंद झाली.

पौषातली ती सकाळ थंड होती. दुलारीकडे ढोली लिंपायचं चाललं होतं. माणसाएवढी उंच बांबूची ढोली, आत बिजाईचं धान, वर तणशीचा जाड थर, त्यावर बांबूच्या तट्ट्याचं झाकण, आणि मग सगळं शेणामातीनं बंद. एकदा बंद केली की अक्तीपर्यंत हात लावायचा नाही. लावला तर त्या साली शेत फळत नाही, असं सगळेच मानत. बाहेर छोटेलालनं छकडा जुंपून ठेवला होता. दुपारच्या गाडीनं दोघं बालाघाटला निघायचे होते.

सुखवंतानं भात उतरवला आणि वाटी वाजवली. कोंडी आली नाही.

पुन्हा वाजवली. ढिगावर नाही. निंबावर नाही. सहाही घरांपुढं वाजवून झालं. मंदाबाई म्हणाली, सकाळी ऊन खात बसली होती. रुख्मा म्हणाली, "सातवं घर पाय."

गेल्या वर्षीही पौषच होता.

ती दुलारीच्या मागल्या दाराशी गेली. दुधाची वाटी तिथंच होती, काठोकाठ भरलेली. दुलारी हात धुऊन लुगडं सारखं करत बाहेर आली आणि तिला पाहून थबकली.

"माझी कोंडी कुठं आहे?"

"मले काय माहीत वो बाई?"

"मागच्या सालीबी हेच म्हनली होती तू! काय घालते या दुधात? सांग आज. मले मालूम आहे सगळं. बी काऊन बदललं? ऊद काऊन जाळते? माझ्याकडे पाहून काऊन नाही बोलत?"

छोटेलाल छकड्यावरून उतरला. कुडापलीकडे नत्थूलालही आला. दुलारीचं तोंड पांढरं पडलं होतं. ती खाली वाकली, दुधाची वाटी उचलली आणि तिथंच उभ्यानं, घटाघटा, सगळी पिऊन टाकली.

मग रिकामी वाटी तिनं सुखवंताच्या पायाशी ठेवली.

इतके महिने जपलेला संशय समोरच्या बाईनं एका घोटात पिऊन टाकला होता. सुखवंताच्या हातात काशाची वाटी होती, चमचा होता. काही सुचलं नाही म्हणून तिनं ती वाजवली. टण टण टण.

कुठून तरी, फार लांबून, भिंतीच्या आतून आल्यासारखं, एक बारीक "म्यँव".

सुखवंतानं मान वळवली, ढिगाकडे, कौलांकडे. आवाज कुठून आला ते तिला कळलंच नाही. पण दुलारीला कळलं. ती वळली आणि धावली. आत गेली, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि ढोलीच्या ओल्या लिंपणावर घातलं.

"अवं, काय करून राहिली!" छोटेलाल ओरडला. "अक्तीच्या आधी? बिजाई आहे ते!"

"सरका!" दुलारी म्हणाली. तिनं दुसरा घाव घातला, झाकण दोन्ही हातांनी उपसलं, तणीस ओरबाडून बाहेर फेकली. ती रडत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. तणशीच्या थरातून धुळीनं माखलेलं एक डोकं वर आलं, शिंकलं, आणि सुखवंताच्या हातातल्या वाटीकडे पाहायला लागलं.

उबेसाठी शिरली असणार. सगळे ओली माती कालवायला अंगणात गेले तेव्हा.

सुखवंतानं तिला छातीशी धरलं. कोंडीचं काळीज तिच्या बोटांखाली टकटक करत होतं. आणि मग, हळूहळू, ढोलीचं ते उघडं काळं तोंड पाहताना तिला एकेक गोष्ट कळत गेली. परगावचं बी. ऊद. दूध. आपल्या कानांना न कळलेला आवाज दुलारीच्या पायांना कसा कळला, ते.

दुलारी जमिनीवर बसली होती, कोपरापर्यंत शेणामाती.

"मागच्या साली घराले कुलूप होतं वो बाई," ती म्हणाली.

बाहेर बैलानं मान हलवली तसा घुंगरू वाजला.

"अक्तीले झाकन काढलं तं आत राखुंडी..." दुलारीनं वाक्य सोडून दिलं. "तू इहिरीवर बोलली होती. सोन्याची मांजर. कुठून आनू मी? कोन्या तोंडानं सांगू?"

सुखवंताला विहिरीवरची ती सकाळ आठवली. बायांच्या थांबलेल्या दोऱ्या, आणि किती नीट नेम धरून आपण बोललो होतो ते. बाण लागला होता. फक्त तो लागल्यावर समोरचीचं तोंड शिवलं गेलं होतं.

"कुठं आहे ती?" तिनं विचारलं.

"बांधीच्या धुऱ्यावर, आपल्या दोघींच्या शेताच्या मधात. मोहाखाली. तुझ्या बाजूनं."

"माझ्या बाजूनं काऊन?"

"तुझी होती ना."

सुखवंतानं नाक पुसलं. मग लुगड्याचा ओचा खोचला, कोंडीला खांद्यावर टाकलं आणि मातीच्या घमेल्याशी बसली. "पानी दे. सुकून राहिली माती."

"गाडी?" छोटेलालनं विचारलं.

"गाडी उद्याबी येते," नत्थूलाल कुडापलीकडून म्हणाला. "तिले कोनी ढोलीत कोंडलं नाही."

दोघींनी मिळून तणीस पुन्हा भरली. झाकण बसवण्याआधी सुखवंतानं हात खांद्यापर्यंत आत घालून चारही बाजू चाचपल्या. दुलारी पाहत राहिली. मग तिनंही हात घातला, तसाच.

फोडलेल्या बिजाईचं काय व्हायचं ते पेरणीनंतरच दिसणार होतं. सुखवंता एवढंच म्हणाली की, नाही उगवलं तर आमच्या ढोलीतलं ने, आणि वर असंही म्हणाली की उगवेल, न उगवायला काय झालं.

लिंपण झालं तेव्हा उन्हं कलली होती. सुखवंता घरी गेली, दुधाचं भांडं घेऊन परत आली आणि दुलारीच्या मागल्या दारातली रिकामी वाटी भरली. कोंडीला खाली सोडलं. दोघी बाया उंबऱ्यावर टेकल्या आणि पाहू लागल्या.

कोंडी वाटीजवळ गेली. वास घेतला. एकदा दुलारीकडे पाहिलं, एकदा सुखवंताकडे, चांगलं निरखून. मग शेपटी उभारून, दुधाला तोंड न लावता, तणशीच्या ढिगाकडे चालती झाली.

"एवढी संशयी! कोनावर गेली वो ही?" दुलारीनं विचारलं.

सुखवंता हसली नाही, पण तिला उत्तर ठाऊक होतं.