तोतारामनानांची खोकणारी भिंत

मित्रांनो, मी एक भिंत आहे. फार जुनी नाही, पण माझ्या पाठीवरची काळी माती लई जुनी आहे. अमळनेरला एका घराच्या परसात, उतारावर, ती माती अडवून धरायची, एवढंच माझं काम.

मला तोतारामनानांनी स्वतः बांधलं. चर खोदला, मुरूम ठोकला, ब्लॉकचा पहिला थर जमिनीत गाडला, वरचा प्रत्येक थर जरासा मागं घेतला. पाठीमागं खडी भरली. पाणी निघायला खालून नळ्या काढल्या. हे सगळं तमाखू मळत, खोकत खोकत. मी पुरी झाले आणि दिवाळीत नाना गेले.

पुढच्या पावसाळ्यात नळ्यांतून पाणी यायला लागलं. घर्र घर्र आवाज व्हायचा. नानांच्या बायको सुगंधाबाई भांडी घासता घासता थबकायच्या.

"हेमा, तुना बाप खोकली ऱ्हायना," त्या लेकीला म्हणाल्या.

"माय, पानी शे ते."

"पानीले तमाखूना वास येस का?"

त्याच दिवशी त्यांनी नळ्यांत सिमेंट कोंबलं. खोकला बंद. मला विचारलं कोणी? पाणी जाणार कुठं? माती पिऊन पिऊन फुगली. मागून कोणीतरी तळहात लावून रेटतंय, असं वाटायचं. माझं पोट पुढं आलं. आणि लेक हेमांगी तिच्या तान्ह्या पोराला निजवायची ते नेमकं माझ्याच खाली. मला ओरडता येत नाही, याचा असा राग यायचा.

एका दुपारी बुजलेल्या नळीतून खोकला आला. मोठा, एकदाच. आत पाणी तुंबलेलं होतं, हलतसुद्धा नव्हतं. मी नव्हते खोकले.

पोर दचकून रडलं. हेमांगीनं वर बघितलं. माझ्या माथ्यावरच्या झेंडूच्या कुंड्या तिच्याकडं वाकल्या होत्या.

"माय, पोऱ्याले उचल. भिंत फुगनी."

तिनं बाजूला उभं राहून पहारीनं नळ्या फोडल्या. काळं पाणी संध्याकाळपर्यंत वाहत होतं. मी जागेवर राहिले.

मित्रांनो, भिंतीची भोकं बुजवू नका. आवाज येत असेल तर येऊ द्या. गप्प झालेल्या भिंतीखाली लेकरू निजवू नका.

आता उन्हाळा आहे. माझ्या पाठीमागं थेंब नाही. तरी खोकला येतो. सुगंधाबाई नळीपाशी चहाची बशी ठेवतात आणि म्हणतात, "आते खुशाल खोका."

त्या बशीकडं मुंग्या फिरकत नाहीत. बशी मात्र रिकामी होते.