अनसेलेबल गणपती

आमच्या ह्यांना एक वेळ जेवण नाही मिळालं तरी चालतं, पण शब्दाचा अर्थ लागला नाही तर माणूस कासावीस होतो. दोन हजार चारच्या हिवाळ्यात त्या एका इंग्रजी शब्दाने आमच्या घरात जो धुमाकूळ घातला, त्याला तोड नाही. आठवलं तरी अजून माझं डोकं उठतं.

हे विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात अधिकारी. सांगलीहून जयपूरला बदली झाली आणि आम्ही शास्त्री नगरात भाड्याने राहायला आलो. माणूस सरळ, पण किती सरळ असावं? दिवाळीत कोणी क्लेमवाला मिठाईचा डबा ठेवून गेला, की हे अनवाणी जिना उतरून त्याच्यामागे धावणार. मी आणि गार्गी, म्हणजे आमची मुलगी, दारात उभ्या राहून काजूकतली परत जाताना बघणार. अहो, एक तुकडा तरी? नाही म्हणजे नाही.

तर एका रात्री जेवताना ह्यांनी भातावर वरण ओतता ओतता विचारलं, "शुभदा, अनसेलेबल म्हणजे काय गं?"

"तुमचे विनोद," मी म्हटलं. "फुकट दिले तरी कोणी घेणार नाही."

गार्गी फिसकन हसली. हे हसले नाहीत, तेव्हा म्हटलं, प्रकरण गंभीर आहे. मग ह्यांनी सगळं सांगितलं. चांदपोल दरवाज्याच्या आत मूर्तिकारांचा मोहल्ला आहे. तिथले रामावतारजी जवळच्या चौमू गावातल्या एका नव्या मंदिरासाठी संगमरवरी मूर्ती घडवत होते. वर्षभराचं काम. टेम्पोत नीट गवतात बांधून पाठवल्या, आणि वाटेत टेम्पो खड्ड्यात कलंडला. कोणाचं बोट गेलं, कोणाचा कान, कोणाच्या मुकुटाचं टोक. विमा होता. माल अनसेलेबल झाला असेल तर पूर्ण भरपाई, नाहीतर फक्त डागडुजीचा खर्च, असा नियम. कंपनीच्या, नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने लिहून टाकलं होतं की पावडर आणि डिंक लावून टवके भरता येतील, थोड्या कमी भावात माल जाईल. रामावतारजींचं म्हणणं, खंडित मूर्ती आम्ही विकत नाही, पाण्यात सोडतो. पूर्ण भरपाई मिळाली तरच नवा दगड घेता येणार होता. नाहीतर चौमूचं काम हातचं जाणार, आणि कारखान्याला कुलूप.

"मग सोपं आहे की," मी म्हटलं. "खंडित मूर्ती कोण घेतंय?"

"कोणी घेणार नाही असं नाही. हॉटेलवाले घेतील बागेत ठेवायला. पण हा विकणार नाही. मग माल अनसेलेबल की माणूस हट्टी?"

गार्गीने डिक्शनरी आणली. तिचं मराठी अडखळत चालतं. "बाबा, इथे दिलंय, जे विकलं जाऊ शकत नाही."

"पण का जाऊ शकत नाही? गिऱ्हाईक नाही म्हणून, की विकणाऱ्याला विकवत नाही म्हणून?"

"ते नाही दिलं. मतलब, एवढंच दिलंय."

"हे बघ," हे मला समजावू लागले, जसं काही मीच अडाणी. "दुकानात पडून राहिलेली साडी ती अनसोल्ड. आज नाही, उद्या खपेल. उंदराने कुरतडलेली ती अनसेलेबल."

"अहो, कुरतडलेली साडीसुद्धा बोहारीण घेते. वर पातेलं देते!"

"म्हणजे ती पण सेलेबल झाली?" ह्यांनी हात कपाळाला लावला. भात तसाच थंड होत गेला.

रविवारी म्हणाले, स्वतः बघून येतो. मला बाजारातून तीळ आणायचे होते, म्हणून मीही स्कूटरवर मागे बसले. खोटं कशाला बोलू, तीळ शास्त्री नगरातही मिळतात. मला त्या मूर्ती बघायच्या होत्या.

गल्लीत पाऊल टाकलं तर सगळीकडे पांढरी धूळ आणि छिन्नीची टकटक. रामावतारजींच्या कारखान्यात मात्र सगळं गप्प. पन्नाशीचा माणूस, भुवयांवरसुद्धा धूळ. मूर्ती एका कोपऱ्यात आडव्या ठेवलेल्या आणि त्यांच्यावर धुतलेलं धोतर पांघरलेलं.

ह्यांनी विचारलं, "डिंक लावून नाही का चालणार?"

"दिखेगा नहीं साहब," रामावतारजी म्हणाले. "लेकिन मुझे तो मालूम रहेगा."

तेवढ्यात मी धोतर जरा बाजूला केलं होतं. वीतभर उंचीचा गणपती. उजव्या कानाची पाळी तेवढी उडालेली, बाकी चेहरा असा, की आत्ता काहीतरी गंमत सांगेल आणि स्वतःच आधी हसेल. मी त्याच्यासमोर बसूनच राहिले. मूर्ती किती बघितल्या असतील, पण असं माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

रामावतारजींनी ओळखलं. "बहनजी, ले जाइए. पूजा में मत रखना. बिटिया की मेज पर रख देना. वैसे भी पानी में ही जाना है."

"छे, छे, तसं नको," मी म्हटलं खरं, पण माझं तोंड काय सांगत होतं ते ह्यांना दिसलं. वीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला न मागता काही आणून दिलेलं नाही. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. ह्यांनी पाकीट काढलं आणि एक नोट रामावतारजींच्या हातात ठेवली. ते मागे सरले, हात जोडले, "नहीं साहब, इसका पैसा नहीं." ह्यांनी ऐकलं नाही. ती नोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कोंबलीच. "मैं किसी से मुफ्त में कुछ नहीं लेता," असं वर ठणकावून सांगितलं.

मी तर हवेतच होते. येताना गणपती मांडीवर आणि हे पुढे शीळ घालतायत! गार्गीच्या टेबलावर त्याला ठेवला, तिने त्याचं नाव 'हाफ-कान' ठेवलं. घरात असा आनंद बऱ्याच दिवसांनी आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दिल्लीच्या मुख्य ऑफिसला पाठवायची टिपणी लिहायला बसले. चेहरा मोकळा. म्हणाले, "आता कळलं. जो माल घडवणाऱ्यालाच विकवत नाही, तो अनसेलेबल. पूर्ण भरपाई." मी पोहे ढवळत होते. लिहिण्याचा आवाज थांबला, म्हणून वळून बघितलं, तर हे गार्गीच्या टेबलाकडे बघत बसलेले.

"अगं," हे म्हणाले, "आपण तो विकत घेतला."

"मग?"

"मग तो विकला गेला ना. मी स्वतः पैसे मोजून घेतलाय. मीच कसं लिहू की हा माल विकला जाऊ शकत नाही?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला झारा आपटला मी. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? ते पैसे तुम्ही बळंच कोंबलेत!"

"विक्री ती विक्री."

"दक्षिणा समजा!"

"दक्षिणा भटजीला देतात. तो क्लेमवाला आहे."

"मग परत देऊन येऊ या."

"परत दिला तर आधी विकला होता, हे आणखी पक्कं होतं."

"मग लिहूच नका! कोणाला कळणार आहे?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच मिठाईचा डबा घेऊन आले आहे. "त्याने काय सांगितलं काल? मला तर माहीत राहील ना."

त्यांचं खरं होतं. आणि माझंही खरं होतं. गार्गी मध्येच म्हणाली, "बाबा, पण अंकलना तर सेल करायचंच नव्हतं." तिचंही खरं होतं. तिघांचं खरं, आणि मूर्तिकार मात्र मरणार, हे कसलं खरं? पोहे करपले.

ह्यांनी लिहिलं. सगळं लिहिलं, स्वतःच्या खरेदीसकट. खाली आपलं मतही लिहिलं, की हा माल तरीही अनसेलेबल धरावा. दिल्लीवाल्यांनी मत वाचलंच नसेल. उत्तर आलं, की आपल्याच अधिकाऱ्याने माल खरेदी केल्यामुळे तो विक्रीयोग्य आहे. डागडुजीचा खर्च तेवढा मंजूर.

हे स्वतः सांगायला गेले. मी पण गेले, कारण ह्यांना एकट्याला सोडवेना. कारखाना रिकामा होता. मूर्ती पाण्यात सोडून झाल्या होत्या, रामावतारजी छिन्न्या एका पोत्यात भरत होते. ह्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. माफी मागितली. माझ्या नवऱ्याने कोणाची माफी मागितलेली मी पहिल्यांदा ऐकली.

मग रामावतारजींनी सांगितलं, चौमूचं काम पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्या कारखान्याला गेलंय, आणि उद्यापासून ते स्वतःही तिथेच रोजाने जाणार आहेत. "मूर्ति तो वही है, मैं ही बनाऊंगा. बस, नीचे नाम दूसरे का रहेगा."

मला हुंदका आवरेना. ह्यांनी विचारलं, "आप नाराज़ हैं?"

रामावतारजींनी विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून, जसं त्यांनाही ते नीट लागत नव्हतं.

"नाराज़ नहीं, साहब. बस समझ में नहीं आया. मैंने तो आपको दी थी. बेची तो आपने."